कलावंतिणीच्या गाण्यास राजमुद्रा

राजसत्ता एखाद्या गवयाच्या किंवा गायिकेच्या खांद्यावर शाल घालते, तेव्हा तिची ऊब कलावंतास मिळते हे खरे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने अशा प्रसंगी शाल घालणाऱ्या हाताकडे अधिक निरखून पाहिले पाहिजे. कोणास गौरविले ह्यावरून कलावंताची योग्यता थोडीबहुत कळते. कोणास, केव्हा आणि किती विलंबाने गौरविले ह्यावरून त्या राज्याचे व त्या समाजाचे मन कळते. ह्या दृष्टीने पाहता स्वतंत्र भारताच्या सांस्कृतिक इतिहासात १९५३ हे साल फार अर्थपूर्ण आहे. त्या साली संगीत नाटक अकादमीचा हिंदुस्थानी गायनाचा पुरस्कार केसरबाई केरकर ह्यांस मिळाला, आणि प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांनी तो त्यांस अर्पण केला. केसरबाईंचा जन्म १८९२ साली गोमंतकातील केरी गावी झाला. ज्या समाजास लोक कलावंत म्हणत, आणि ज्याच्या स्त्रियांस नाव देताना पुष्कळांचा आवाज नकळत खाली येई, त्या समाजातील ही स्त्री. तिच्या गाण्यावर नव्या राष्ट्राची मुद्रा उमटली.

अकादमी त्या वेळी नुकतीच जन्मास आली होती. भारत सरकारने ३१ मे १९५२ च्या ठरावाने तिची स्थापना केली. मद्रासचे मुख्य न्यायाधीश पी. व्ही. राजमन्नार तिचे पहिले अध्यक्ष झाले. आणि २८ जानेवारी १९५३ रोजी तिचे उद्घाटन झाले. १९५२ चे पहिले चार मानकरी म्हणजे सरोद-वादनातील अल्लाउद्दीन खाँ, रामपूरचे गायक मुश्ताक हुसेन खाँ, आणि कर्नाटक पद्धतीतील अरियाकुडी रामानुज अय्यंगार व वीणावादक कारैकुडी सांबशिव अय्यर. चौघेही पुरुष. दुसऱ्याच वर्षी केसरबाईंचे नाव पुढे आले.

दिल्लीतील त्या समारंभाशी बालाघाटाच्या पठारावरील आमच्या अहमदपुराचा संबंध काय, असे कोणी विचारील. १९५३ साली अहमदपूर तालुका हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. निजाम त्या राज्याचा राजप्रमुख होता. १९५६ साली हा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यास जोडला गेला, आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर त्यात आला. ह्या मुलखास कोल्हापूर, बडोदे, मिरज अशांसारखा गवयांचा दरबार कधी लाभला नाही. तथापि १९५३ च्या त्या सत्काराने जो प्रश्न उभा केला, त्याची दुसरी बाजू जर कोठे पाहावयाची असेल तर ती ह्याच मुलखात, अहमदपुराहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाहावी लागते. ती कशी, हे दाखविणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम जुन्या सन्मानाचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. पुरस्कार हा शब्द आजच्या अर्थाने नवा आहे. जुने शब्द म्हणजे बिदागी, शिरपाव, तैनात, इनाम. राजाने ऐकले, राजा प्रसन्न झाला, राजाने दिले. न्यायाधीशही तोच आणि दाताही तोच. ह्या रीतीत लहर असे, पक्षपात असे. पण एक गोष्ट मात्र नव्हती. देणाराच्या मनात गाणाऱ्या स्त्रीच्या कुळाविषयी लाज नव्हती. आपल्याच जुन्या राजधानीचे उदाहरण घ्या. हैदराबादेस महलका बाई चंदा (१७६८-१८२४) ही गणिका, गायिका आणि उर्दू कवयित्री होऊन गेली. तिचा दिवाण १७९८ साली सिद्ध झाला. तिला निजामाच्या दरबारात मान होता आणि जहागीर होती. मौला अलीच्या टेकडीच्या पायथ्याशी तिची कबर आजही आहे. इकडे पुण्यास दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत होनाजी बाळासारख्या शाहिरांची लावणी पेशव्यांच्या आश्रयाने बहरली. ते राज्यकर्ते नीतीचे पुतळे नव्हते, आणि त्यांच्या आश्रयास बंधनाची काळी कडही होती. कारण जिला जहागीर मिळाली तिच्याशेजारी जिला काहीच मिळाले नाही अशा कितीतरी असत. परंतु त्या आश्रयाने कलेस तिच्या जन्मस्थानावरून नाकारले नाही, एवढे मान्य केले पाहिजे.

गोमंतकात हा आश्रय राजाऐवजी देवळाने दिला. मंगेशी, म्हार्दोळ, शांतादुर्गा अशा देवस्थानांच्या भोवती कलावंत घराण्यांची वस्ती असे. उत्सवात, पालखीपुढे, सभामंडपात गाणे व नाचणे ही त्यांची सेवा. सेवेच्या मोबदल्यात जमीन वा उत्पन्न मिळे, आणि त्याच सेवेपोटी ह्या घराण्यांतील स्त्रीस लग्नाचा अधिकार नाकारला जाई. तिच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे गाणे होते आणि तिच्या नावावर समाजाचा बोल होता. केसरबाईंचे शिक्षण ह्याच वाटेने झाले. लहानपणी कोल्हापुरास अब्दुल करीम खाँ ह्यांच्याकडे थोडा काळ, मग गोव्यात रामकृष्णबुवा वझे ह्यांच्याकडे, पुढे मुंबईस बरकतुल्ला खाँ व भास्करबुवा बखले ह्यांच्याकडे, आणि शेवटी १९२१ पासून कोल्हापूर दरबारचे पूर्वीचे गवई अल्लादिया खाँ ह्यांच्याकडे. खाँसाहेब १९४६ साली पैगंबरवासी झाले, तोवर ही तालीम चालली. म्हणजे पंचवीस वर्षे! आजच्या मुलामुलींस ही संख्या कथा वाटेल. त्या बाईंस ती दिनचर्या होती.

ह्याच काळात महाराष्ट्रात संगीताच्या उद्धाराची मोठी चळवळ चालू होती. विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी देशभर हिंडून चिजा मिळविल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत त्या लिहून ठेवल्या. १९१६ साली बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि देशास एक संगीत अकादमी असावी हा विचार तेथे बोलला गेला. १९५२ च्या सरकारी ठरावाचे बीज छत्तीस वर्षांपूर्वीच्या ह्या सभेत आहे. दोघा विष्णूंचे उपकार महाराष्ट्र कधी विसरणार नाही. सुशिक्षित घरातील मुलगी आज तंबोरा मांडीवर घेऊन निःसंकोच बसते, हे त्यांच्याच श्रमाचे फळ होय.

परंतु फळाची किंमत कोणी दिली, हेही इतिहासाने विचारले पाहिजे. गाणे प्रतिष्ठित करावयाचे म्हणजे ते अप्रतिष्ठित समजल्या गेलेल्या हातांतून काढून घ्यावयाचे, असा हिशेब त्या चळवळीत नकळत शिरला. ज्या बायांच्या कोठीवर आणि ज्या देवळांच्या मंडपात ठुमरी, ख्याल, होरी जिवंत राहिली होती, त्या बायांस नव्या विद्यालयांच्या वर्गात मात्र सहसा जागा नव्हती. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. मुलींचे देवास वाहणे थांबावे हा त्याचा हेतू निःसंशय पुण्यप्रद होता. तो कायदा पोर्तुगीजांच्या गोमंतकास लागू नव्हता, निजामाच्या मराठवाड्यासही नव्हता. पण कायद्यामागचे वारे सीमा ओळखत नाही. गोमंतकातील कलावंत समाजाने स्वतःच पुढाकार घेऊन जुनी चाल मोडली आणि आपल्या मुलामुलींस शाळेत घातले. पुष्कळ घराण्यांनी मुंबईची वाट धरली. ती वाट धरताना देवळाची जमीन मागे राहिली, गाणे तेवढे बरोबर आले.

मुंबईत त्या गाण्याचे स्वागत झाले, पण दाराच्या चौकटीवर प्रश्न ठेवूनच. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ च्या सुमारास, आकाशवाणीने असा दंडक घातला की ज्यांचे खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशा कलावंतांस कार्यक्रम देऊ नयेत. शब्द सर्वांस लागू होते. घाव मात्र बायांवर पडला. पुरुष गवयाच्या खासगी आयुष्याची चौकशी कोण करणार? कोणत्या गायिकेचे लग्न झाले आहे आणि कोणाचे नाही, हे पाहून तिचा षड्‌ज शुद्ध की अशुद्ध ते ठरविण्याची ही रीत होती. १९५२ पासून पुढे डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू झाला, अभिजात संगीतास नभोवाणीवर मोठे स्थान मिळाले, आणि त्याचबरोबर कलावंतांची परीक्षा घेऊन त्यांची श्रेणी ठरविण्याची पद्धतही कडक झाली. त्या परीक्षा-मंडळाचे नेतृत्व आचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर ह्यांच्यासारख्या विद्वानाकडे असूनही अनेक नामांकित कलावंतांनी तिचा निषेध केला. जन्मभर सभा जिंकलेल्या माणसास बंद खोलीत परीक्षेस बसविणे त्यांस अपमानाचे वाटले.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून १९५३ च्या सत्काराकडे पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. सरकारच्या एका खात्याने ज्या वर्गाच्या स्त्रियांस सहा-सात वर्षांपूर्वी दार लावले, त्याच सरकारच्या दुसऱ्या संस्थेने त्या वर्गातून आलेल्या स्त्रीस राष्ट्रपतींसमोर बोलावले. समारंभाचे बाह्य रूप साधेच असते. नाव पुकारले जाते, मानपत्राचा मजकूर वाचला जातो, अंगवस्त्र, ताम्रपट आणि रकमेची थैली दिली जाते. समारंभास जोडून पुरस्कृत कलावंतांच्या गायन-वादन-नृत्याचा महोत्सव भरविण्याची प्रथाही अकादमीने पाडली, आणि ती फार योग्य आहे. कारण गवयाचा खरा सत्कार त्याचे गाणे ऐकणे हाच. परंतु त्या दिवशी त्या अंगवस्त्राखाली एक व्यक्ती नव्हती; केरीच्या देवळातील, म्हार्दोळच्या मंडपातील, नाव न राहिलेल्या शेकडो स्त्रियांचे गाणे उभे होते. पंचवीस वर्षांच्या तालमीने जे सिद्ध केले ते राष्ट्राने मान्य केले, आणि मान्य करताना कुळ विचारले नाही.

येथे एक शंका घेता येईल. केसरबाईंस अकादमीच्या मानाची गरज होती काय? १९३८ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांचे गाणे ऐकून त्यांस गौरविले होते. १९४८ साली कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांस ‘सूरश्री’ ही पदवी दिली होती. सभेत त्यांचा दरारा असा की बैठकीत कुजबूज करण्याची कोणाची छाती होत नसे. तेव्हा राजधानीने जे केले ते रसिकांनी आधीच केलेल्या निवाड्यावर शिक्का मारणे होय. हे खरे आहे, आणि बहुतेक राष्ट्रीय पुरस्कारांविषयी खरे आहे. पण शिक्क्याचेही एक काम असते. रसिकाचा निवाडा मैफलीत जन्मतो आणि मैफलीबरोबर विरतो. राज्याचा निवाडा दप्तरात राहतो. ज्या समाजाची नावे दप्तरात केवळ लाजेच्या रकान्यात लिहिली गेली होती, त्याच्या एका मुलीचे नाव मानाच्या रकान्यात लिहिले जाणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

ह्या वाटेने पुढे अनेकजणी आल्या. अब्दुल करीम खाँ व ताराबाई माने ह्यांची कन्या हिराबाई बडोदेकर ह्यांस १९६५ साली, गोव्याच्या कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर ह्यांस १९६८ साली, आणि धारवाडच्या बाजूच्या गंगूबाई हनगल ह्यांस १९७३ साली अकादमीचा मान मिळाला. मोगूबाईंची कन्या किशोरी आमोणकर १९८५ साली त्याच पंक्तीत बसल्या. गंगूबाईंची एक आठवण येथे सांगण्याजोगी आहे. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये त्यांनी लहानपणी गांधीजींसमोर स्वागतगीत म्हटले. परंतु त्या दिवसाची त्यांच्या मनात राहिलेली गोष्ट म्हणजे, आपल्या जातीमुळे जेवणानंतर आपणांस उष्टी काढावयास सांगतील की काय ही भीती. त्याच गंगूबाईंस २००२ साली पद्मविभूषण मिळाले. आणि त्याच गंगूबाई म्हणत असत की मुसलमान गवई थोर झाला की उस्ताद होतो, हिंदू गवई पंडित होतो, बाई मात्र कितीही थोर झाली तरी बाईच राहते. ताम्रपटावर नाव कोरले गेले, पण नावापुढची पदवी समाजाने अडवून ठेवली. राज्याचा सन्मान समाजाच्या भाषेपर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागतो, ह्याचे हे बोलके गमक होय.

न्यायाधीशाच्या अधिकाराविषयीचा वादही संपला नाही. सतारवादक विलायत खाँ ह्यांनी १९६४ साली पद्मश्री, १९६८ साली पद्मभूषण आणि २००० साली पद्मविभूषण नाकारले. निवड करणारांस संगीताचा निवाडा करण्याची योग्यता नाही, अशी त्यांची भूमिका होती. कित्येकांस हा अहंकार वाटला. आम्हांस वाटते की त्यात जुन्या दरबारी शहाणपणाचा अंश होता. राजा चुकला तर निदान तो स्वतः ऐकून चुकत असे. समिती पुष्कळदा कीर्ती ऐकते आणि गाणे ऐकण्याचे राहून जाते. आणि ज्याची कीर्ती राजधानीपर्यंत गेलीच नाही, त्याचे काय? येथे आपण अहमदपूरच्या रस्त्यावर येतो.

अहमदपुराहून नांदेडच्या रस्त्याने गेले म्हणजे कंधार-लोह्याच्या मुलखात माळेगाव लागते. तेथे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट ह्यांच्या बाजाराबद्दल ती सर्व दक्षिणेत प्रसिद्ध आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे. तेथे वाघ्या आणि मुरळी येतात, गोंधळी येतात, पोतराज व वासुदेव येतात, तमाशाचे फड राहुट्या ठोकतात. रात्री जागरण मांडले जाते; वाघ्याच्या हाती दिमडी, जोडीदाराच्या हाती तुणतुणे, मुरळीच्या हाती घोळ. गण होतो, सर्व देवांस आवाहन होते, मग म्हाळसा-बाणाईच्या कथेत रात्र सरते आणि पहाटे लंगर तुटतो. ज्या मुलखास दरबार नव्हता त्याची ही संगीतसभा, आणि बेलभंडार हीच तिची बिदागी.

आता वाचकांनी मुरळी आणि गोमंतकातील कलावंतीण ह्यांस शेजारी शेजारी उभे करून पाहावे. दोघीही देवाच्या नावाने वाहिलेल्या. दोघींच्याही सेवेचे नाव गाणे व नाचणे. दोघींसही लग्नाचा अधिकार नाकारलेला, आणि दोघींच्याही वाट्यास समाजाचा तोच बोल आलेला. एकीचे गाणे राष्ट्रपतींसमोर गेले. दुसरीचे जत्रेच्या धुळीत राहिले. हा भेद केवळ स्वरांच्या उंचीचा आहे काय? अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीची सूक्ष्मता दिमडीत नाही, हे कोण नाकारील? पण भेद तेवढाच नाही. कलावंतिणीच्या गाण्यास रागाचे नाव होते, घराण्याचे नाव होते, भातखंड्यांसारखा लिहून ठेवणारा होता, मुंबई-कलकत्त्याचा श्रीमंत श्रोता होता. मुरळीच्या गाण्यास ह्यांपैकी काहीच नव्हते. ज्यास नाव नाही, त्यास पुरस्काराच्या यादीत शोधणार कसे?

तमाशाच्या कथेवरून हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर ह्यांच्या फडातील विठाबाई ही महाराष्ट्राच्या जत्राजत्रांतून गाजलेली कलावंत. तिला १९५७ साली, ऐन तारुण्यात, राष्ट्रपतींचे पदक मिळाले आणि १९९० साली पुन्हा मिळाले. तेव्हा राजधानीस ह्या कलेची वार्ताच नव्हती असे म्हणता येत नाही. परंतु १५ जानेवारी २००२ रोजी तिचे निधन झाले तेव्हा रुग्णालयाचे देणे भागविण्यास लोकांच्या देणग्या लागल्या. २००६ साली महाराष्ट्र शासनाने तिच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिचे देणे राहिले तिच्या नावाने देणगी सुरू झाली, ह्यातील विसंगती सांगून समजण्यासारखी नव्हे. वाईच्या यमुनाबाई वाईकर ह्या लावणीच्या अदाकारीत अद्वितीय. त्यांस अकादमीचा पुरस्कार १९९५ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात मिळाला, आणि पद्मश्री २०१२ साली. केसरबाईंच्या सत्कारानंतर बेचाळीस वर्षांनी अकादमीचा ताम्रपट यमुनाबाईंच्या हाती आला. ह्या बेचाळीस वर्षांस अंतर म्हणावे की इतिहास?

ह्यावर कोणी म्हणेल, पुरस्कार श्रेष्ठांसाठी असतो. प्रत्येक दिमडीवाल्यास दिल्लीस बोलाविता येत नाही. हे मान्य. शाल एकास मिळते, म्हणूनच तिला अर्थ असतो. पण शालीमागे भाकरीची सोय असली पाहिजे, आणि ती सोय शालीहून जुनी व शांत असते. वृद्ध साहित्यिक व कलावंतांस मासिक मानधन देण्याची सरकारी योजना आपल्याकडे १९५४-५५ पासून चालत आली आहे. म्हणजे अकादमीच्या पुरस्काराची ती जवळजवळ जुळी बहीण. एकीच्या समारंभास राष्ट्रपती येतात, दुसरीचा अर्ज पंचायत समितीच्या कचेरीत येतो. वर्तमानपत्रे पहिलीचे वर्णन करतात. आमच्या मते राष्ट्राच्या कलाप्रेमाची परीक्षा दुसरीवरून करावी. कारण म्हातारपणी आवाज गेलेल्या वाघ्यास महिन्याच्या महिन्यास मिळणारी रक्कम हा त्याच्या जन्मभराच्या गाण्याचा खरा ताम्रपट होय.

तथापि सर्व भार सरकारवर टाकून आपण सुशिक्षितांनी मोकळे होणे न्याय्य नाही. भातखंड्यांस कोणत्या सरकारने पाठविले होते? त्यांनी वकिली सोडली, गवयांच्या दारी गेले, मिनतवाऱ्या केल्या, आणि सुमारे १८०० चिजा पदरात पाडून घेतल्या. गाणे लिहून ठेवले गेले म्हणून गाण्यास नाव मिळाले, आणि नाव मिळाले म्हणून राजमुद्रा मिळाली. आपल्या काळातही असे काम झाले आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ ह्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतील बायांच्या जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांची थोरवी अशी की ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नावही त्यांनी लिहिले. ही साधी गोष्ट वाटेल. पण ज्यांस शतकानुशतके कोणी नावाने विचारले नाही त्यांस नावाने लिहिणे हा एक सत्कारच आहे.

मराठवाड्याने अभिजात संगीतातही आपला वाटा उचलला आहे. नांदेडास वाढलेले आणि २०२१ साली दिवंगत झालेले नाथराव नेरळकर ह्यांस अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा दरबार नसलेल्या ह्या मुलखानेही तंबोरा जुळविला होता हे जगास दिसले. त्यामुळे आम्हांस आनंद वाटतो. पण समाधान वाटत नाही. माळेगावच्या जागरणाची गाणी अजून भातखंड्यांची वाट पाहत आहेत. आणि मुलीस मुरळी म्हणून वाहण्याची दुष्ट चाल नष्ट व्हावी असे म्हणताना, त्या चालीबरोबर गाणेही पुरून टाकण्याची चूक आपण पुन्हा करू नये. गोमंतकातील कलावंत समाजाने ही विवेकाची वाट दाखविली आहे. बंधन मोडले, स्वर राखला.

केसरबाईंच्या कथेचा शेवट सर्वांस ठाऊक आहे, तरी तो येथे सांगण्याचे कारण आहे. १९६९ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. पुढील वर्षांत त्यांनी गाणे जवळजवळ मिटून घेतले होते. ध्वनिमुद्रणाची व नभोवाणीची त्यांस आवड नव्हती, त्यामुळे मागे राहिलेल्या तबकड्या थोड्या. त्यांतील भैरवीची एक तबकडी अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी व्हॉयेजर नावाच्या दोन अवकाशयानांवरील सोनेरी तबकडीत घातली. पहिले यान २० ऑगस्ट १९७७ रोजी सुटले, दुसरे ५ सप्टेंबर रोजी. आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई निवर्तल्या. त्या दोहोंपैकी एक यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले. ह्या सन्मानास ना समारंभ होता, ना शाल, ना थैली. कोणा समितीने कुळ विचारले नाही. एका संगीतशास्त्रज्ञाने एक तबकडी ऐकली, आणि ही सर्व मानवजातीच्या वतीने पाठविण्यास योग्य आहे असे त्यास वाटले. ऐकणारा भेटला एवढेच घडले. परंतु ऐकण्यास तबकडी होती म्हणून तो भेटला, हे विसरता कामा नये. माळेगावच्या मुरळीची अशी तबकडी कोणाच्या कपाटात आहे? ह्या वर्षी मार्गशीर्षात तेथे जाणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनी घोड्यांचा बाजार पाहून झाल्यावर एक रात्र जागरणास बसावे, गाणाऱ्यांची नावे विचारावीत, आणि ती गाण्यासह लिहून ठेवावीत. पुढच्या पिढीचा इतिहासकार आपणांस त्याबद्दल दुवा देईल.